नव्या बाइंडिंगांचा बघण्याचा कार्यक्रम

माझ्या स्नोबोर्डच्या जुन्या बाइंडिंगांनी सांगितलं, की नव्या जोडीला आधी घरी बोलवा, आम्ही रीतसर बघू, आणि पसंत पडली तरच आमचे स्क्रू सुटतील.

यात वावगं काही नव्हतं. बर्फावरून घसरायच्या फळीला माझे बूट जखडून ठेवायचं काम त्यांनी कॉलेजपासून केलं होतं. आता डाव्याचा पट्टा तारेने बांधलेला होता आणि उजव्याची कडी थंडीत अडकायची, म्हणून डोंगराच्या मधल्या टप्प्यापलीकडे ती मला जाऊ देत नसत. लग्न होऊन मी मनालीजवळ राहायला आले होते. रात्रभर बर्फ पडला होता, दुपारी टोकाचा उतार उघडणार होता, आणि मला आज तिथूनच खाली यायचं होतं.

सासूबाईंनी पोहे केले. नवी जोडी सोफ्यावर बसली; लालभडक, पट्टे आवरून.

"मूळचे कुठले?" जुन्या डाव्याने विचारलं.

"कारखान्यातले."

"ते सगळेच असतात."

शार्दूल, म्हणजे माझा नवरा, हसला. जुन्या जोडीने त्याच्याकडे बघितल्यावर निमूटपणे पोहे खाऊ लागला.

"पोरगी पडली तर धराल की सोडाल?" जुन्या डाव्याने पुढे विचारलं.

"धरू. सोडलं तर फळी एकीकडे आणि बाई दुसरीकडे."

उत्तर बरोबर होतं. तरी जुनं उजवं म्हणालं, "वेगाची हौस दिसते. रंगच सांगतोय. घाई नको, पुढच्या हिवाळ्यात बघू."

सासूबाईंनी रीतीप्रमाणे नव्यांना विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

"हो. मुलीशी एकटीशी बोलायचंय."

आम्हाला गॅलरीत पाठवण्यात आलं. मी दोघांना काखेत धरून उभी राहिले. लग्नाआधी अशाच एका गॅलरीत शार्दूलने मला छंद विचारले होते आणि मी "वाचन" म्हणाले होते.

"कुठून खाली यायचंय तुम्हाला?" नव्या डाव्याने विचारलं.

"टोकावरून," मी पुटपुटले.

"हे आतल्यांना कधी सांगितलंय?"

मी आत गेले. "मला टोकावरून यायचंय," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "आजच. मधल्या टप्प्याचा मला कंटाळा आलाय."

सासूबाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. शार्दूल माझ्याकडे नव्याने बघायला लागला.

"अगं, मग बोलायचंस ना!" जुनं डावं म्हणालं. "आम्हाला वाटायचं, तुला तोच टप्पा आवडतो."

"पसंत आहे," उजवं घाईने म्हणालं. "काढा स्क्रू. आणि ऐका हो, हिचा डावा घोटा दुखतो. तिथे पट्टा जरा सैल ठेवा."

स्क्रू नुसत्या बोटांनी सुटले.

टोकावर नव्या जोडीने माझे बूट घट्ट धरले, "निघायचं?" असंही विचारलं नाही, आणि आम्ही निघालो. वारा कानांतून आरपार गेला. मधला टप्पा कधी मागे पडला, कळलंसुद्धा नाही. मी पडले नाही. पडले असते तरी चाललं असतं.

खाली सासूबाईंच्या मांडीवर जुनी जोडी बसली होती.

"काय दिसतं गं वरून?" डाव्याने विचारलं.

मी सांगायला लागले आणि थांबेचना. नदी, देवदार, आपल्या घराचं छप्पर, त्यावर वाळत घातलेला सासूबाईंचा स्वेटर.

"एकदा बघायला हवं," उजवं हळूच म्हणालं.

शार्दूलने लगेच रोपवेची तिकिटं काढली. वय बघून त्या दोघांना खिडकीजवळची जागा मिळाली.