काठोकाठ पेला

परदेशी पाहुणा येणार म्हणून मेइशूने चहाचा फ्रीज धुऊन काढला, आणि तिथेच घोळाला सुरुवात झाली.

चीनमधल्या आनशीच्या डोंगरातल्या चहावाल्याच्या घरात दोन फ्रीज असतात, एक माणसांचा आणि एक चहाचा. माणसांच्या फ्रीजमध्ये काय वाट्टेल ते सडो, चहाच्या फ्रीजला कोणी हात लावायचा नाही, असा झान तिंगफूचा दंडक होता. पण त्याच्या बायकोने, मेइशूने, इतक्या वर्षांच्या संसारात त्याचे दंडक मोडण्यातही चांगला हात बसवला होता.

या वसंतात तिंगफूला जन्मात साधला नव्हता असा चहा साधला होता. तो आज डेन्मार्कच्या टॉरबेनसाहेबांनी घेतला नाही, तर उद्या मेहुणा यूफा तो शियामेनच्या दूध-चहाच्या कारखान्यात नेऊन घालणार होता. तसं ठरलंच होतं.

"दूध!" तिंगफू जेवताना मध्येच घास थांबवून म्हणायचा. "माझ्या चहात दूध!"

"आणि साबुदाण्याच्या गोळ्या, दाजी," यूफा आठवण करून द्यायचा. "पोरं नळीने ओढतात."

दूध घालून चहा पिणाऱ्या वाचकांनी रागावू नये. तिंगफूच्या मते तुम्ही रोज सकाळी उठून एक खून करता, एवढंच.

टॉरबेनसाहेब आले. माणूस उंच, गुलाबी आणि सावकाश पण स्वच्छ चिनी बोलणारा. तिंगफूने पाकीट फोडलं, उकळतं पाणी ओतलं, पहिलं धुवण फेकलं आणि लिंबाएवढा पेला पाऊण भरला. पाहुण्याचा पेला पाऊणच भरायचा. काठोकाठ भरला, तर त्याचा अर्थ 'आता उठा'. हे आनशीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

साहेबांनी पेला रिकामा केला आणि आभाराची दोन बोटं टेबलावर रीतसर वाजवली. मग तिंगफूने स्वतः घोट घेतला, आणि त्याचं तोंड उतरलं. हा तर गेल्या वर्षीचा चुरा! अंडी उकडण्यापलीकडे त्याचा कशालाच उपयोग नव्हता.

"जरा आलोच," म्हणून तो स्वयंपाकघरात धावला. पातेल्यात अंडी रटरटत होती आणि घरभर फुलांचा घमघमाट सुटला होता.

"हे काय?"

"चहाची अंडी. पाहुण्यापुढे काही ठेवायला नको? मसाला नाही घातला हो, परदेशी पोट, सोसेल न सोसेल."

"चहा कुठला घातलास?"

"डब्यातला, नेहमीचा. फ्रीज पुसताना पाकिटं सगळी सारखीच दिसत होती, तेव्हा तिकडची इकडे झाली असतील. अहो, असे काय बघताय?"

तिंगफू मटकन खाली बसला. नमुन्याचं एकुलतं एक पाकीट अंड्यांनी पिऊन टाकलं होतं. बाकीचा माल खाली गावातल्या शीतगृहात, आणि स्कूटर एकट्या यूफाकडे.

"यूफा, पळ! नवं पाकीट घेऊन ये!"

"जातो की, दाजी," यूफा म्हणाला आणि आधी सावकाश केस विंचरले.

तो येईपर्यंत पाहुण्याला बसवून ठेवणं भाग होतं. पाहुण्याचा पेला रिकामा दिसला की भरायचा, हा तिंगफूचा धर्म. पुढ्यात आलेलं टाकायचं नाही, ही साहेबांच्या आईची शिकवण. पुरे झालं की पेला तसाच भरलेला ठेवायचा, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तिंगफू ओती, साहेब पीत, बोटं वाजत, आणि यजमान म्हणून तिंगफूलाही सोबत प्यावं लागे. साहेब परसात जाऊन आले, तर पेला पुन्हा भरलेला.

"तुमचा चहा," शब्द शोधत साहेब म्हणाले, "भरपूर आहे."

रिकाम्या पोटी कडक चहा दारूसारखा चढतो. साहेबांचे कान लाल झाले, त्यांनी टेबल घट्ट धरलं.

"हे टेबल हलतंय का?"

"हलतंय," तिंगफू म्हणाला. त्यालाही दिसत होतं.

शेवटी मेइशूच बाहेर आली. "अगं बाई, दोघांनाही चढलाय! आधी खा बघू." तिने अंडी पुढे आदळली.

साहेबांनी एक खाल्लं आणि डोळे मिटले. दुसरं खाल्लं. मग टरफल उचलून नाकाशी धरलं.

"हे काय आहे?"

"अंडं आहे, साहेब."

"अंडं कळलं हो मला! यातला चहा कुठला? जन्मभर चहाच चाखतोय मी. मघापासून पाजलात तो हा नव्हे. तो भयंकर होता! तुम्ही पाहुण्याची परीक्षा घेत असाल म्हणून गप्प बसलो. हा मला हवा. आहे तेवढा सगळा."

तिंगफूला रडूच कोसळलं. इतक्यात ओठांवर तेल घेऊन यूफा आला. "दाजी, वाटेत जरा शेवया..." तिंगफूने पाकीट हिसकावलं, खरा चहा केला. तोच घमघमाट! त्याने सांगितलेला भाव साहेबांनी घासाघीस न करता मान्य केला. यूफाचं तोंड पाहण्यासारखं झालं.

सुखावलेल्या तिंगफूने हळूच विचारलं, "तिकडे तुमची माणसं हा कसा पिणार, साहेब?"

"आमच्याकडे थंडी फार. माझ्या बहिणीचं दुकान आहे ना, ती छान उकळते आणि वर दूध घालते. रांगा लागतात!"

"आणि साबुदाणा?" यूफाने आशेने विचारलं.

"हो! यंदापासून तोही सुरू केलाय."

तिंगफूने किटली उचलली आणि साहेबांचा पेला पाऊण भरला, मग पूर्ण भरला, मग चहा काठावर फुगून थरथरेपर्यंत भरला. मेइशूने कपाळावर हात मारला. त्या घरातून आजवर कोणालाही इतकं स्पष्ट हाकललं गेलं नव्हतं.

टॉरबेनसाहेबांनी पेल्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"शेवटी पूर्ण भरलात!" ते सद्गदित होऊन म्हणाले. "आता मी घरचा झालो."

एका दमात त्यांनी तो संपवला, दोन बोटं वाजवली, आणि रिकामा पेला पुन्हा पुढे केला.