उमापूरच्या विहिरीची इंग्रजी मोहीम

आदिमायेचे स्मरण करून हकीकत लिहिली जाते ती ऐसी जे, गेवराई प्रांती मौजे उमापूर येथे सरपंच राजमान्य राजश्री मोहनराव यांचा अंमल असता गावविहीर गाळाने भरली आणि कळशी नुसता चिखल घेऊन वर येऊ लागली. मग खबर आली की, पाहणीस थोरले साहेब येतात. मूळचे दक्षिणेचे, मराठी उमगत नाही, परंतु विनोदाचे मोठे शौकीन. रावांनी मसलत केली आणि इंग्रजीत पदवी घेतलेल्या धाकट्या सुनेस, सायलीबाईस, फर्मावले की साहेब खूश होतील ऐसा एक इंग्रजी विनोद पैदा करावा.

सायलीबाई म्हणाली, "मामा, आपल्याकडं पाट बसायचाबी हाय आन् पान्याचाबी हाय. तसा त्यांच्यात वेल. एक वेल म्हंजे इहीर, दुसरा वेल म्हंजे बरं. म्हना, अवर वेल इज नॉट वेल."

"म्हंजे इहिरीला बरं न्हाई!" राव पोट धरून हसले आणि मग न्हाताना, जेवताना, गोठ्यात, ओसरीवर तोच जप चालला.

मुक्रर दिवशी साहेबांची स्वारी जीपसहित चावडीवर दाखल जाहली. हार जाहले, चहा जाहला आणि राव खासे उभे राहून गर्जले, "अवर वेल इज नॉट वेल!"

साहेब हसले नाहीत. मुद्रा गंभीर करून इंग्रजीत पुसते जाहले की, कोण आजारी आहे; आणि शिपायास औषधांची पेटी आणण्याचा हुकूम केला. रावांस वाटले, विहीरही गेली आणि अब्रूही गेली. इतक्यात बायकांच्या बैठकीतून सायलीबाई बोलली, "मामा, त्येन्ला इहिरीवर न्या!"

मग रावांनी धीर धरिला, साहेबांचा हात धरिला आणि तडक विहिरीवर नेऊन आत बोट दाखविले. "धिस वेल. नॉट वेल."

साहेब वाकले, चिखल पाहिला, क्षणभर थांबले आणि मग ऐसे हसले की हसू तळाशी जाऊन पुन्हा वर आले. साहेब हसले म्हणून गाव हसला. उपसरपंच त्रिंबकराव डोळे पुसत शेजाऱ्यास पुसते जाहले, "आपुन कावून हसलो बे?"

साहेबांनी रोग्यास औषध म्हणोन गाळ काढण्याचा हुकूम तेथेच दिधला. राव फेटा सावरीत सुनेपाशी आले आणि भर गावात म्हणाले, "पोरी, आनखी एखादा हाय का?"

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. यश सायलीबाईचे, ऐसे रावांनी स्वमुखे जाहीर केले, ते येथे नमूद केले असे.