दारातलं काँक्रीट

मिक्सर-ट्रकचा ड्रायव्हर दुपारी जेवायला घरी आला, तेव्हा त्याची सासू दारात बसली होती. म्हणजे ती स्वतःहून बसली नव्हती. बसमधून उतरून, पिशवी सांभाळत, लेकीच्या क्वार्टरपर्यंत ती नीट चालत आली होती. शेवटच्या दोन पावलांत चिखलाने तिला बसवलं होतं.

"या, जावईबापू," ती चिखलातूनच म्हणाली. "धरण बांधताय म्हणे!"

बायकोने आईला उठवून आत नेलं, तिचे कपडे बादलीत टाकले आणि मग ती नवऱ्याकडे वळली. या चिखलावरून ती इथे राहायला आल्यापासून चिडलेली होती. धरणाच्या कामगारांसाठी कंपनीने डोंगर खरवडून घाईघाईत ही वसाहत उभी केली होती. पत्र्याच्या छपरांच्या क्वार्टरांच्या ओळी टाकल्या, पण त्यांच्यामधले रस्ते करायचे राहूनच गेले. समोर नदीत काँक्रीटची भिंत आभाळाला भिडत चालली होती आणि इथे दारात पाय टेकायला वीतभर कोरडी जागा नव्हती. मेंटेनन्सच्या ऑफिसात बायको इतक्यांदा भांडून आली होती, की ती दिसली रे दिसली की तिथला कारकून जेवायला जायचा. सकाळी दहालासुद्धा.

"दिवसभर नदीत काँक्रीट ओतता," ती म्हणाली, "दोन घमेली दारात ओतलीत तर नदी रागावणार आहे?"

"कंपनीचा माल आहे तो."

"चिखलपण कंपनीचाच आहे. आई पडली तेव्हा कंपनी आली होती का उचलायला?"

"मला तर कुणीच उचललं नाही बराच वेळ," आतून सासू म्हणाली.

ड्रायव्हर अर्धपोटी उठला आणि धुसफुसत कामावर गेला.

त्या दिवशी धरणावर क्रेन बंद पडली. भरलेला ड्रम गरगरवत तो उन्हात ताटकळत उभा राहिला. क्रेन सुरू होईपर्यंत मालाची वेळ उलटून गेली होती. तपासणाऱ्याने तो बघितला, नाक मुरडलं आणि म्हणाला, "नापास. खड्ड्यात टाकून ये."

नापास माल टाकायचा खड्डा वसाहतीच्या पलीकडे होता आणि वाट त्याच्याच ओळीच्या तोंडावरून जात होती. तिथे आल्यावर ड्रायव्हरच्या डोक्यात आलं, फेकायचाच आहे, तर दोन घमेल्यांनी काय बिघडतंय? निदान घरात जेवण तरी सुखाने मिळेल. त्याने ट्रक उलटा घेत घेत दारापर्यंत आणला. बायको हाताची घडी घालून बाहेर येऊन उभी राहिली.

"एवढंसंच हं," असं म्हणून त्याने मागचा दांडा ओढला.

पन्हळीतून माल धबधब्यासारखा आला. पायरीएवढा ढीग झाल्यावर त्याने दांडा मागे ढकलला. दांडा निघून त्याच्या हातात आला. ड्रम आपला फिरतच राहिला.

"पुरे! बंद करा!" बायको ओरडली.

"बंदच करतोय!"

"कुठे? उंबऱ्यावर चढलं ते! इंजीन बंद करा!"

"इंजीन बंद केलं तर माल आतच घट्ट होईल. मग ड्रम गेला, मी गेलो आणि हे क्वार्टरपण गेलं!"

तेवढ्यात आतून दारावर धक्के बसू लागले. दार बाहेर उघडणारं होतं आणि बाहेर तर आता कमरेएवढा ढीग होता.

"कोंडलंत मला?" सासू खिडकीशी आली. "दोन दिवसांसाठी आले होते मी! तेवढंही जड झालं?"

ड्रायव्हरला एकच गोष्ट सुचली. तो पळत जाऊन गाडीत बसला आणि ट्रक हळूहळू पुढे घेऊ लागला. मागून माल पडतच होता. शिफ्ट सुटून माणसं घरी परतत होती. काँक्रीट पसरत येणारा ट्रक बघून शेजारचा गवंडी डबा घेऊन जागीच थबकला.

"अरे, दिवसभर हेच थापून आलोय मी! आता घरीपण?"

"दांडा तुटलाय!" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"तुझं डोकं तुटलंय! उतार बघ, उतार! सगळं पाणी माझ्या घरात सोडतोस काय?"

वाईट काम बघवेना म्हणून गवंड्याने शिव्या देत डबा फेकला आणि फळी उचलली. मग कुणी खोरं आणलं, कुणी थापी, बायकांनी झाडू. एकजण ड्रायव्हरच्या नावाने खडे फोडत होता, तर दुसरा फळी धरणाऱ्यावर खेकसत होता. इतकं चिडून आणि इतकं सरळ काम धरणावरसुद्धा कधी झालं नव्हतं. ओळीच्या तोंडाशी ड्रम रिकामा झाला. मग गवंडी सासूचं दार मोकळं करायला वळला आणि सासू खिडकीतून त्याला खोरं कसं धरायचं ते शिकवू लागली.

तेवढ्यात साहेबांची जीप आली.

"कुणाचं काम हे?" साहेब कडाडले. सगळ्यांनी ड्रायव्हरकडे बोट दाखवलं. साहेब रागाने तरातरा पुढे आले आणि घोट्यापर्यंत रुतले. पाय निघाला, बूट निघाला नाही.

"तुम्हीच का इथले साहेब?" सासू खिडकीतून म्हणाली. "बघा आता. मी तर पुरती बसले होते."

एका बुटावर ओरडणं अवघड असतं. "उद्या ऑफिसात ये!" एवढंच म्हणून साहेब लंगडत जीपमध्ये चढले.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर ऑफिसातून मान खाली घालून परतला.

"नोकरी राहिली," तो म्हणाला. "पण क्वार्टर बदललं. मागच्या ओळीत जायचंय. आजच."

मागची ओळ म्हणजे डोंगराच्या पायथ्याची, जिथे साऱ्या वसाहतीचं पाणी साचायचं. बायकोचा चेहरा लाल झाला.

"आणि या घरात कोण येणार?"

"मेंटेनन्सचा कारकून."

"काय?"

"साहेब नुसता दम देऊन सोडणार होते गं. पण काल मागच्या ओळीतल्या सगळ्या बायका त्यांच्याकडे गेल्या होत्या. म्हणाल्या, असा माणूस मोकाट सोडू नका, आमच्या ओळीत टाका. आम्ही लक्ष ठेवतो त्याच्यावर."

"माझ्या नवऱ्यावर लक्ष ठेवणाऱ्या या कोण?"

सामान हलायच्या आधीच ती भांडायला निघाली. मागून ट्रंक घेऊन नवरा आणि पिशवी घेऊन सासू. मागच्या ओळीत पोटरीएवढ्या चिखलात बायका उभ्याच होत्या. तिने तोंड उघडायच्या आत दोघींनी ट्रंक उतरवून घेतली, एकीने सासूला हाताला धरून पलीकडे नेलं, एकीने चहा पुढे केला.

"पहिलंच घर रिकामं करून ठेवलंय तुमच्यासाठी," त्यांच्यातली थोरली म्हणाली. "ट्रक उलटा घ्यायला बरं पडेल भाऊंना."

बायकोने चहाचा कप हातात घेतला. सकाळपासून साठवलेला राग कुणावर काढावा, ते तिला कळेना. मग ती नवऱ्याकडे वळली.

"मग? इथे उभे राहून काय बघताय? ड्युटी नाही का आज?"