मयेकरांचा अकरा पौंडी मासा

शनिवारी सकाळी साडेसहाला कमलाकर मयेकरांनी जिन्यातूनच मुलीला हाक मारून सांगितलं, "अर्चना, नारळ वाटून ठेव गं. मासा मी आणतोय!" आणि शेजारच्या खोलीत मोजे शोधणाऱ्या त्यांच्या जावयाच्या पोटात गोळा आला.

जावई म्हणजे विक्रांत केळकर. मूळचा पुण्याचा, चार वर्षांपासून ब्रिस्टलमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत. सासरे मालवणचे, बंदर खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, २००६च्या त्या उन्हाळ्यात लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलेले. जावयाबद्दल त्यांची एकच तक्रार होती. कोणी विचारलं तर ते म्हणत, "मुलगा हुशार आहे, निर्व्यसनी आहे. पण..." आणि मग आवाज खाली आणून, "मासे खात नाही." ऐकणाऱ्याला वाटे, मुलगा तुरुंगात जाऊन आलाय.

विक्रांतच्या पोटातल्या गोळ्याचं नाव होतं कीथ. कीथ हा त्याचा साहेब. विक्रांतचं वर्क परमिट ऑक्टोबरात संपत होतं आणि ते वाढवून घ्यायचा कागद गेले तीन आठवडे कीथच्या टेबलावर सहीविना पडून होता. त्याची आठवण करून द्यायला विक्रांत मंगळवारी त्याच्या केबिनमध्ये गेला आणि विषय काढायचा म्हणून काहीतरी बोलायचं तर बोलून बसला, "माझ्या सासऱ्यांना मासे फार आवडतात."

कीथने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मलाही," तो म्हणाला.

मग त्याने भिंतीवरचे फोटो दाखवले. विक्रांतला इतके दिवस वाटत होतं, ते कुठल्यातरी कॅलेंडरचे आहेत. प्रत्येक फोटोत कीथ एकेका माशाला तान्ह्या बाळासारखं धरून उभा होता. कीथ मासे पकडायचा, त्यांचं वजन करायचा, फोटो काढायचा, आणि पुन्हा नदीत सोडून द्यायचा. पंचवीस वर्षांत त्याने एक मासा खाल्ला नव्हता. त्याच्या क्लबचा नियमच होता की पाण्यातून काढलेला मासा पाण्यात जायला हवा, तोही धडधाकट. "मासा खाण्यापेक्षा मी माझा कुत्रा खाईन," तो म्हणाला. "शनिवारी सासऱ्यांना घेऊन ये नदीवर. त्यांच्या परवान्याचं मी बघतो."

विक्रांतने घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, साहेबांनी तुम्हाला मासे पकडायला बोलावलंय." एवढंच सांगितलं. पुढचं वाक्य उद्या सांगू, असं त्याने बुधवारी ठरवलं, गुरुवारीही ठरवलं. तोवर सासऱ्यांनी बाथला राहणाऱ्या शशी आणि अरुणा या ओळखीच्या जोडप्याला फोन करून शनिवारी दुपारी तिखल्याच्या, म्हणजे माशाच्या झणझणीत मालवणी कालवणाच्या, जेवणाचं आवतण देऊन टाकलं होतं.

एव्हन नदीच्या काठावर कीथ आधीच येऊन बसला होता. सहा फूट उंच, लाल गालांचा, हिरव्या टोपीतला माणूस. त्याने मयेकरांचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ हलवला. मयेकरांनी अख्खी नोकरी इंग्रजी पत्रव्यवहारात काढली होती, पण कीथचं इंग्रजी हे ओठांच्या आतच राहणारं, इकडच्या गावठी वळणाचं होतं. दोन वाक्यं ऐकून ते जावयाकडे वळले. "तुम्हीच सांगा काय ते. मला यातलं 'मॉर्निंग' तेवढं कळलं."

अशा रीतीने मधे उभं राहून इकडचं तिकडे सांगायचं काम विक्रांतकडे आलं.

कीथने सामान काढायला सुरुवात केली. आधी एक मोठी मऊ जाळी. मग निळी, जाडजूड गादी. ती त्याने गवतावर अंथरली आणि नदीचं पाणी ओतून ओली केली. मासा जमिनीवर आपटू नये, त्याचं अंग कोरडं पडू नये म्हणून.

मयेकर खूष झाले. "बघा, माणसं किती पद्धतशीर! मासा कापायला गादी. आमच्याकडे आपली विळी काढली की बसले जमिनीवर."

"काय म्हणतायत?" कीथने विचारलं.

"गादी आवडली त्यांना."

"माणूस जाणकार आहे," कीथ म्हणाला आणि त्याने पिशवीतून वजनकाटा काढला.

"वाटणी करणार वाटतं," मयेकर म्हणाले. "करू दे. डोकं मात्र मला हवं. तेवढं आत्ताच सांगून ठेवा."

"आता काय म्हणतात?"

"म्हणतात, की..." विक्रांत वजनकाट्याकडे बघत म्हणाला, "माशाच्या डोक्याला फार जपायला हवं."

कीथने छातीवर हात ठेवला.

आता मयेकरांनी आपली पिशवी उघडली. तीत हळद होती, मीठ होतं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली अर्चनाची मासे कापायची कोयती होती. कोयतीचं टोक कागदातून बाहेर आलेलं पाहताच विक्रांत झटकन त्या पुडक्यावर बसला.

"अहो, त्यावर काय बसता?"

"गवत ओलं आहे, बाबा."

"पण कोयती आहे ती!"

"असू दे. मला चालते."

पुढचे दोन तास विक्रांत एका अंगावर कलून, उठायचं नाव न घेता बसून राहिला. कीथने दोनदा त्याला खुर्ची देऊ केली. विक्रांतने दोनदा सांगितलं की आपल्याकडे असंच बसतात.

गळाला लावायला कीथने डब्यातल्या मांसाचे चौकोनी तुकडे केले. "माशाला मटण!" मयेकर पुटपुटले. पण गळ हातात आल्यावर मात्र ते बोलायचे थांबले. त्यांनी नदीकडे थोडा वेळ पाहिलं, समोरच्या वाकलेल्या झाडाखाली पाणी कुठे गडद होतंय ते हेरलं आणि मनगटाच्या एका झटक्याने गळ बरोबर तिथे टाकला. कीथने टोपी काढली.

सव्वाअकराला गळाची काठी वाकली. पुढची दहा मिनिटं काठावर नुसता गोंधळ होता. मासा कधी वर पळे, कधी खाली, कधी झाडाच्या मुळांत शिरू पाहे. कीथ ओरडत होता, मयेकर मालवणीत ओरडत होते, आणि गंमत म्हणजे भाषांतराची कोणालाच गरज वाटत नव्हती. "खंय पळतंस मेल्या? ये, ये, हयसर ये!" शेवटी मासा जाळीत आला. सोनेरी अंग, तांबूस पर आणि तोंडाला चार मिशा. कीथने त्याचं नाव सांगितलं, बार्बेल. मयेकर म्हणाले, "आमच्या मिशीवाल्या शिंगाळ्याचा मामेभाऊ दिसतोय." वजन भरलं अकरा पौंड. कीथचा आयुष्यातला सगळ्यात मोठा बार्बेल साडेदहाचा होता.

"अकरा!" कीथ म्हणाला. त्याला खरंच गहिवरून आलं होतं. हेवा नावालाही नव्हता. त्याने अलगद गळ सोडवला. माशाच्या ओठाला जरासं खरचटलं होतं. कीथ औषधाची बाटली शोधायला पिशवीत वाकला, आणि तेवढ्यात मयेकरांनी सवयीने चिमूटभर हळद काढून माशाच्या तोंडाला लावली.

कीथ वळला. त्याने पिवळं झालेलं तोंड पाहिलं. "हे काय?"

कोयतीवरून न उठता विक्रांत म्हणाला, "हळद. जंतुनाशक आहे. आमच्याकडे जखमेवर लावतात."

"माशाच्यासुद्धा?"

"यांच्या गावी... हो."

कीथने मयेकरांकडे पाहिलं. मग त्याने आपली औषधाची बाटली पिशवीत परत ठेवली. "यांना क्लबात भाषणाला बोलवायला हवं," तो हळूच म्हणाला.

फोटो निघाला. आणि मग, विक्रांत सकाळपासून जिला भीत होता ती वेळ आली. कीथने समजावून सांगितलं. हा मासा जीव तोडून झुंजतो आणि पार दमतो. तसाच सोडला तर उताणा होऊन मरतो. म्हणून त्याला प्रवाहाकडे तोंड करून, दोन्ही हातांनी आधार देऊन पाण्यात धरायचं, तो स्वतःहून जोर करेपर्यंत. दहा मिनिटं लागोत, नाहीतर अर्धा तास. "माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, मला पाण्यात बसता येत नाही. आणि तसाही मान ज्याने पकडला त्याचा."

"काय म्हणतो?" मयेकरांनी विचारलं.

विक्रांतने एकदा कीथकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे. खरं सांगायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. त्याने तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं, "बाबा, जरा पाण्यात धरून ठेवा. ताजा राहील."

"हां, ते बरोबर," मयेकर म्हणाले. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मासा कवेत घेऊन ते त्या थंडगार पाण्यात उतरले.

पाच मिनिटं झाली. मासा निपचित होता. मयेकरांनी त्याचं तोंड प्रवाहाकडे केलं, पोटाखाली तळहात धरला. कुणी शिकवायची गरजच नव्हती. दहा मिनिटं झाली. त्यांचे ओठ थंडीने निळसर पडायला लागले, पण हात हलले नाहीत. ते माशाशी काहीतरी बोलत होते. काठावरून विक्रांतला तुटक तुटक ऐकू येत होतं. "गप रव रे... भिया नको... वय काय तुझा? दमलंस ना? मीपण दमलंय."

विक्रांत कोयतीवर बसून हिशोब करत होता. मासा सुटला तर सासऱ्यांना सगळं कळणार. नाही सुटला तर कीथला कळणार. कुठूनही पाहिलं तरी मधे आपणच.

वीस मिनिटांनी माशाने शेपटी हलवली. एकदा, मग पुन्हा, जोरात. आणि मयेकरांचे हात रिकामे झाले. ते तसेच ओणवे उभे राहून गडद पाण्याकडे पाहत राहिले.

कीथ टाळ्या वाजवत पाण्याच्या कडेला आला. त्याने मयेकरांना हात देऊन वर ओढलं आणि भिजल्या कपड्यांसकट मिठी मारली. "इतक्या मायेने मासा सोडणारा माणूस मी बघितला नाही," तो म्हणाला. "विक्रांत, सांग त्यांना. एकेक शब्द सांग."

मयेकर मान खाली घालून उभे होते. कानशिलं लाल झाली होती. विक्रांतचा धीर पुन्हा सुटला. "साहेब म्हणतात, असू दे."

"मनाचा मोठा माणूस," मयेकर म्हणाले आणि नाक शिंकरू लागले.

परतताना मयेकर गाडीत गारठलेले पाय चोळत होते. हीटर जोरात चालू होता. विक्रांत मनातल्या मनात वाक्य जुळवत होता. शेवटी त्याने सुरुवात केली, "बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी मी सांगतो," मयेकर म्हणाले. "जावईबापू, मासा निसटला नाही. मी सोडला."

गाडी किंचित डावीकडे गेली.

"वीस मिनिटं हातात होता हो. पोटाखाली त्याचं काळीज लागत होतं हाताला. आयुष्यात इतके मासे खाल्ले, पण इतका वेळ एकाला धरून बसलो नव्हतो. म्हटलं, जा बाबा. आणि सोडल्यावर लक्षात आलं, की अरे, हा तर साहेबाचा मासा! त्या बिचाऱ्याने गादी आणली, काटा आणला, आणि मी त्याचं जेवण नदीत सोडून दिलं. तुमच्या त्या कागदावर सही अडवणार नाही ना तो?"

विक्रांतने पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवली आणि सगळं सांगितलं. मंगळवारपासूनचं. गादीचं, काट्याचं, डोक्याचं, हळदीचं. मयेकर खिडकीबाहेर पाहत ऐकत होते. सांगून झाल्यावर ते जावयाकडे वळले.

"म्हणजे तो टाळ्या वाजवत होता, त्या खऱ्या?"

"हो, बाबा."

"आणि मिठी? ती पण शाबासकीची?"

"हो."

"आणि मी गुन्हेगारासारखा मान खाली घालून उभा!" मयेकर कडाडले. "गाडी वळवा."

"कुठे?"

"नदीवर. त्याला पुन्हा म्हणायला सांगा. आता मी नीट ऐकतो."

कीथ एव्हाना घरी गेला असेल, हे पटवायला विक्रांतला पाच मिनिटं लागली. मग मयेकरांनी दुसरी शिक्षा फर्मावली. कीथ जे जे बोलला ते शब्दन्‌शब्द सांगायचं. विक्रांतने घर येईपर्यंत ते दोनदा सांगितलं. दुसऱ्या खेपेला मयेकरांनी डोळे मिटून घेतले होते आणि 'जाणकार' या शब्दाला हलकेच मान डोलावली होती. "हळदीचं मात्र तुम्ही खरं बोललात," ते शेवटी म्हणाले. "सोमवारी बाकीचंही सांगून टाका त्याला."

"सहीच्या आधी की नंतर?"

मयेकरांनी विचार केला. "नंतर," ते म्हणाले. आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

दुपारी घरी पोचून दार उघडलं तर शशी आणि अरुणा येऊन बसलेले, आणि सगळ्या घरात तिखल्यातल्या तिरफळाचा वास. सासरे-जावई रिकाम्या हातांनी दारात उभे.

"बसा, पानं घेतलीच आहेत," अर्चना म्हणाली.

"अगं, मासा..." विक्रांतने सुरुवात केली.

"सोडला असेल. इथल्या नदीतला मासा घरी आणू देत नाहीत, हे मला माहीत नाही का? ईस्टनच्या दुकानातून फ्रोझन बांगडे आणलेत कालच."

"मग आम्हाला पाठवलंस कशाला?" मयेकरांनी विचारलं.

"महिनाभर तुम्ही दोघं एकमेकांशी हवामानाशिवाय दुसरं काही बोलला नव्हतात."

मयेकर पानावर बसले. अर्चनाने वाढलेला बांगडा त्यांनी बराच वेळ न्याहाळला. इकडे शशीचा घास हातात थांबला. विक्रांतला वाटलं, संपलं, बाबा आता आपल्याबरोबर वरणभात खाणार.

"बाबा, काय झालं? नकोय का?" अर्चनाने विचारलं.

"नको कशाला?" मयेकरांनी बांगडा जवळ ओढला. "याची माझी काही ओळख नव्हती."