भाऊजींचं बिनधुराचं वंगण

दुसऱ्याच्या घरात शिरताना माणूस विचारतो, "चहा झाला का?" आमचे भाऊजी माझ्या स्वयंपाकघराच्या दारातून विचारतात, "वहिनी, तवा तापला का?"

तापला म्हणलं की झालं. खिशातून डबी निघते. डबीत काडीच्या टोकाला काहीतरी लावलेलं असतं, कधी पिवळं, कधी काळपट, कधी मी लगेच ओळखावं असं, कारण ते माझ्याच फडताळातून गेलेलं असतं. भाऊजी ती काडी माझ्या भाकरीच्या तव्याला टेकवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि वाकून धूर बघत उभे राहतात. मी मागं, हातावर थापलेली भाकरी घेऊन. थापलेली भाकरी हातावर किती वेळ टिकते हे ज्यानं भाकरी केली त्यालाच कळतं. भाऊजींनी केलेली नाही.

"भपका लय हाय," शेवटी निकाल लागतो. "हे रद्द."

निकाल देऊन ते जातात. तवा पुसायचा मी. कितीही पुसला तरी पुढच्या दोन भाकरींना एरंडेलाचा वास येतो, आणि ती भाकरी ज्याच्या ताटात जाते तो दिवसभर माझ्याकडं संशयानं बघतो.

तुम्हाला वाटेल, माणूस एखाद्या मोटारीचं नाहीतर गिरणीचं वंगण शोधतोय. तसं असतं तर मी लिहायला बसलेच नसते. भाऊजी शोधतात बंदुकीच्या गोळीचं वंगण. आणि ते कमी धुराचं पाहिजे.

माणिकराव हे माझ्या मालकांचे धाकटे भाऊ. पेडगावात आमची दोन घरं आणि मधे एकच अंगण. आमच्या सासऱ्यांची ठासणीची बंदूक भाऊजींच्या वाट्याला आली, रानडुकरांपासून पीक राखायचा परवाना तिच्यावर आहे. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून आधी बारूद घालायची, मग शिशाची गोळी, आणि लोखंडी गजानं वरून ठासायची. गोळी घरीच ओतलेली. ती नळीत नीट सरकावी म्हणून तिला काहीतरी तेलकट लावतात. दुसरे लोक हाताला येईल ते लावून मोकळे होतात. पण भाऊजींचं सगळं "बाकायदा" पाहिजे. हा त्यांचा आवडता शब्द. जेवण बाकायदा, झोप बाकायदा, भांडणसुद्धा बाकायदा. एकदा माझ्याशी भांडता भांडता मधेच उठून पाणी पिऊन आले आणि म्हणाले, "हां, कुठवर आलतो आपण?"

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. मागच्या वेळी जमा केली तर हे रोज सायकल मारून ठाण्यात. बंदूक कोरडी आहे का, तिला ओल तर लागत नाही, कोपऱ्यात उभी केली का आडवी. शेवटी तिथला जमादार हात जोडून म्हणला, "काका, आमी आमच्या बायकापोरांकडं बगत न्हाई येवढं तुमच्या बंदुकीकडं बगायलाव. आता या."

त्या दिवसांत त्यांची बायको कमल, म्हणजे माझी धाकटी जाऊ, अंगणात हसत फिरायची. "सवत माहेरी गेली, अक्का. चार दिवस माझे."

हसायची खरी, पण त्या सवतीबरोबर तिचं चांगलं जमायचं. घरामागंच आमचं रान आहे. दर रविवारी दुपारून भाऊजी तिथं नेम धरायला जायचे. पलीकडच्या टोकाला मुरमाचं टेकाड, त्याच्या पुढ्यात दगडावर एक मडकं. कमल अलीकडच्या बांधावर लिंबाखाली बसायची. गोळी सुटली की हा एवढा धूर, त्यात भाऊजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू. गोळी लागली का नाही ते कमलनं बाजूनं बघून सांगायचं. लग्न झाल्यापासून हे असंच चाललेलं. दुसऱ्या बायका रविवारी बाजाराला जायच्या, ही नवऱ्याचं मडकं बघायला.

गेल्या हिवाळ्यात कमलचा दमा वाढला. परभणीच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं, धूर बंद. चुलीचा, उदबत्तीचा, कसलाच नाही. चूल मोडली, गॅस आला. देवाला उदबत्तीऐवजी नुसतं फूल. राहता राहिली बंदूक. तेव्हापासून रविवारी दुपारी कमल अंगणात माझ्याजवळ शेंगा फोडत बसायची आणि कान मात्र रानाकडं.

आणि भाऊजी वंगणाच्या मागं लागले. कमी धुराचं वंगण सापडलं की कमल पुन्हा बांधावर जाऊन बसणार, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. हे गावातल्या कुत्र्यालाही कळत होतं. पण भाऊजींच्या तोंडून निघेल तर शपथ. विचारलं तर म्हणायचे, "धुरानं निशाण दिसत न्हाई, वहिनी. काम बाकायदा होत न्हाई."

एक दिवस मी वैतागले. तव्यावर साजूक तूप जळत होतं आणि ते माझं होतं.

"आवो भाऊजी, धूर बारुदीचा आसतोय. वंगणाचा आसंल चिमूटभर. त्याच्यापायी माझं तूप कामून जाळायलात?"

"मला माईत न्हाई का?" ते तव्यावरून डोळे न काढता म्हणाले. "बारूद काय आपल्या हातात हाय? मिळंल तशी घ्यावी लागती. वंगण आपल्या हातात हाय. जे हातात हाय ते तरी बाकायदा करावं माणसानं."

मी तूप आणखी थोडं दिलं.

पण त्यांना घेऊन चारचौघांत जायची सोय राहिली नाही. जिंतूरला भाचीचं लग्न होतं. होमाचा धूर मांडवभर झालेला, कमल रुमाल नाकाला लावून पार बाहेर बसलेली. मी बघते तर भाऊजी होमाजवळ उकिडवे. मला वाटलं नवरानवरीला काही द्यायचंय. तर हे भटजींच्या कानाशी लागलेले. "गुरुजी, तूप घरचं का डब्याचं?" भटजी मंत्र म्हणत होते, त्यांनी पळीनं बाजूला सरका म्हणून खूण केली. भाऊजींना वाटलं पळी पुढं केली. त्यांनी बोट बुडवलं, हुंगलं, आणि आमच्या विहिणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "भेसळ हाय." ती विहीण अजून माझ्याशी नीट बोलत नाही. भाऊजींशी बोलते. म्हणते, ते साधे आहेत.

मग कुणीतरी सांगितलं, चारठाण्याला एकजण मोहोळं उतरवतो, त्याच्याकडं मधमाशीचं चांगलं मेण मिळतं. हे भर उन्हाळ्यात एसटीनं गेले. मेण घेतलं, डब्यात घातलं, डबा मांडीवर. एसटीच्या पत्र्याखाली डबा असा तापला की मेण पातळ होऊन शेजारच्या पाहुण्याच्या पांढऱ्याफेक धोतरावर. पाहुणे सोयरीक बघायला निघालेले. ते ओरडायला लागले तर भाऊजींनी माफी मागायची का नाही? हे खाली वाकले आणि धोतराचा वास घेतला. "डाग पडला खरा, पर बगा, वास कसा न्हाई." आणि पुढं, "या कोपऱ्याचं येवढंसं कापून देता का? जाळून बगायचं हाय."

कंडक्टर मधे पडला म्हणून भाऊजी घरी आले.

त्याच मेणाचं शेवटी जमलं. त्यात आणखी काय मिसळलं ते मला सांगितलं नाही, पण माझी करडीच्या तेलाची बाटली अर्ध्यावर आली होती. तव्यावर काडी टेकवली तर धूर जवळजवळ नाहीच. भाऊजी बराच वेळ वाकलेले राहिले. मग सरळ झाले आणि म्हणाले, "वहिनी, चहा टाका." एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा.

कमल रविवारी वेणी घालून तयार. "मी येते आता."

"तू न्हाई," भाऊजी म्हणाले. "आदी वहिनीवर बगू."

"माझ्यावर?" मी म्हणलं.

"तुमचा घसा चांगला हाय. तुमाला ठसका न्हाई आला तर पुढच्या रविवारी ती."

मी काय कोंबडी आहे का, माझ्यावर बघायला? पण कमलच्या तोंडाकडं बघितलं आणि चप्पल घातली.

बांधावर लिंबाखाली कमलची जागा मऊ झालेली होती, तिथं बसले. भाऊजींनी बारूद घातली, गोळीला वंगण फासलं, गजानं ठासलं. सगळं बाकायदा. मग नेम धरला. माणूस सुईत दोरा ओवतो तेवढा वेळ लावला. आणि धडाम!

काय सांगू तुम्हाला. कापूस पिंजून उडवल्यासारखा पांढरा ढग. भाऊजी दिसेनात, बंदूक दिसेना, रान दिसेना. मला असा ठसका लागला की डोळ्यांतून धारा. एवढ्या महिन्यांचं तूप, तेल, मेण, लोकांचं धोतर, आणि धूर तसूभर कमी नाही.

त्या ढगातून भाऊजींचा आवाज आला. "लागली का?"

मी पदरानं डोळे पुसले आणि बघितलं. "न्हाई. मडकं जिथल्या तिथं हाय."

ढग विरला. भाऊजी माझ्याकडं बघत उभे. "आसं सांगायचं आसतंय का, वहिनी?"

"मंग कसं सांगायचं?"

"कमल लागली म्हणती."

"न्हाई लागली तरी?"

"न्हाई लागली तरी. लगीन झाल्यापासून लागली म्हणायली ती."

"आन् तुमाला कळत न्हाई?"

"न कळायला काय झालं? मडक्यापर्यंत चालत मीच जातो ना." त्यांनी बंदूक झाडाला टेकवली, गज उचलला आणि ढेकळं तुडवत पार टेकाडापर्यंत गेले. गजानं मडक्याला एक टोला दिला आणि तसेच परत आले. "मडकं फोडून येत आसतो मी. तिला हितून दिसतंय, मडकं जाग्यावर न्हाई म्हून. तिचं बोलणं खोटं पडू ने."

मी खोकत खोकत पुन्हा पदरानं डोळे पुसले.

भाऊजी बांधावर बसले. वंगणाची डबी उघडली, बंद केली. "हे मडकं संक्रांतीपासून तितंच होतं," म्हणाले. "एकट्यानं फोडू वाटत न्हाई."

घरी आलो तर कमल दारात उभी. "लागली का?"

"वहिनीला इचार," म्हणून भाऊजी पाय धुवायला मोरीकडं सटकले. म्हणजे आता तेही माझ्यावर.

"लागली," मी म्हणलं. "मडक्याचे दोन तुकडे झाले." यातलं अर्धं तर खरं होतं.

कमलनं मोरीकडं बघितलं, जवळ आली आणि हळूच विचारलं, "गजानं फोडलं का दगडानं?"

"तुला माईत हाय?"

"गोळीनं मडक्याचा चुरा होतोय, अक्का. ह्यायच्या मडक्याचे कायम दोन नाहीतर तीन तुकडे. रानातली खापरं येचायला मीच जाते ना सोमवारी."

"मंग बोलली कामून न्हाईस इतके वर्सं?"

"काय बोलू?" कमल म्हणाली. "येवढ्या लांब ढेकळातून चालत जातेत, माझं खोटं झाकायला. जाऊ द्यावं."

मला दोघांनाही झोडपावंसं वाटलं. यांचं एकमेकांशी खोटं बोलणं एवढं सुरळीत चाललेलं, आणि त्यासाठी तूप माझं जळत होतं!

त्या रात्री त्यांच्या घरात काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. पुढच्या रविवारी भाऊजी माझ्या स्वयंपाकघरात आलेच नाहीत. अंगणातून दोघं निघालेली दिसली. कमलच्या कडेवर नवं मडकं. भाऊजींच्या उपरण्यात गाठ बांधलेले दगड, निवडून घेतलेले, सगळे एका मापाचे.

"आन् बंदूक?" मी दारातून विचारलं.

"खुंटीला हाय. डुकरं आली तर काढंन," भाऊजी न थांबता म्हणाले. "मडक्याला काय, दगडबी चालतोय."

मी भाकरी टाकायला घेतली. थोड्या वेळानं घरामागून कमलचा आवाज आला, दम लागलेला, पण स्वच्छ. "लागली!"

माझ्या स्वयंपाकघरातून ते रान दिसत नाही. पण भाऊजींचा नेम मला माहीत आहे. लागली नसणार.