हिरव्या टिकलीची वायर

टक्.

दुपारच्या सामसुमीत एवढाच आवाज झाला आणि पाठोपाठ मिक्सर गुरगुरला. कस्तुराबाईंनी दाबलं होतं पंख्याचं बटण. पंखा जागचा हलला नाही. मिक्सरच्या भांड्यात मात्र हिरव्या मिरचीचा ठेचा होता आणि भांड्यावर झाकण नव्हतं. शेजारीच भिमाजी आबा पाटावर जेवायला बसले होते. त्यांच्या पांढऱ्या टोपीवर हिरवी नक्षी उठली.

"मिक्सर कशाला लावला गं?"

"म्या पंखा लावला!"

"ह्यो पंखा हाय व्हय?"

दोघांनी एकदमच सुनेकडे पाहिलं. सविता दारात उभी होती. हातातला टेस्टर ओढणीखाली लपवायला तिला जरा उशीरच झाला.

कामशेतला एका संस्थेने मुली-बायकांसाठी कोर्स काढले होते. तिकोणा पेठ गावातून सविता नाव घालायला निघाली, त्याच आठवड्यात तिच्या लेकीला, कौमूला ताप आला. ती पोचेपर्यंत शिवणकाम भरलं होतं, पार्लर भरलं होतं. उरलं होतं घरगुती वायरिंग. नाइलाजाने बसली, आणि पहिल्याच दिवशी टेस्टरच्या पोटातला इवलासा दिवा लागला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर त्याहून मोठा लागला. कोर्स पास झाली की धरणाकाठी पर्यटकांसाठी तंबू लावणाऱ्यांकडे काम ठरलेलं होतं. बाईमाणसाने लाइटीला हात लावावा हे आबांना पसंत नव्हतं, पण नवरा आदिनाथ मध्ये पडल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "बघू."

त्या सकाळी तिने गृहपाठ म्हणून स्वयंपाकघरातला बोर्ड उघडला. मेन स्विच बंद केला, वायरी सोडवल्या. कुठली कशाची हे कळावं म्हणून चिकटपट्टी लावायची, असं सुनेत्रा मॅडमनी शिकवलं होतं. चिकटपट्टी नव्हती, टिकल्यांचं पाकीट होतं. लाल दिव्याची, हिरवी पंख्याची, निळी मिक्सरची, काळी टाकीच्या मोटारीची. तेवढ्यात चुलीवरचं दूध वर आलं म्हणून ती धावली. परत आली, टिकल्या बघून वायरी जोडल्या, झाकण बसवलं.

आता कौमू बाहुलीला छातीशी धरून कोपऱ्यात उभी होती. सविताने तिला पडवीत नेलं.

"कौमू, टिकल्यांना हात लावलेलास?"

"बाहुलीचं लग्न होतं ना. पण मी परत लावल्या, आई. नीट. हिरवी छान दिसत होती तिथं लावली."

सविताने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि आत येऊन म्हणाली, "माझंच चुकलं, आबा. लगेच करते नीट."

"हात लावायचा न्हाई!" आबा टोपी झटकत म्हणाले. "बोर्डाला पुन्ना हात लावलास, तर कोर्स बंद."

कोर्स बंद म्हटल्यावर कस्तुराबाईच घाबरल्या. सून शिकते हे त्यांनी माहेरापर्यंत कळवलं होतं. "ऱ्हाऊ दे गं," त्या म्हणाल्या. "मी पाठ करते. किती बटनं हायती? चारच न्हवं?"

त्यांनी पाठ केलं. भाकऱ्या थापता थापता त्या घोकत, "पंखा पायजे, मोटर दाबा. दिवा पायजे, मिक्सर दाबा. मोटर पायजे, दिवा दाबा." आबा आधी फुरफुरले, मग बायको पुढे जाते म्हणून ईर्षेने तेही शिकले. चुकला तो आदिनाथ. दुपारपाळीहून मध्यरात्री आला, सवयीने दिव्याचं बटण दाबलं, अंधारच राहिला म्हणून तसाच झोपला. मोटर चालू राहिली आणि टाकी वाहिली ती थेट शेजारच्या झुंबरबाईंच्या कुरडयांवर.

"तुमच्या घरात उजेड केला की माझ्या दारात पूर येतो," झुंबरबाई म्हणाल्या. "तुमी आपलं अंधारातच बसा!"

आणि मग सुनेत्रा मॅडमचा फोन आला. परीक्षा घरी येऊन घेणार. जोडलेला बोर्ड बघणार.

सविताने आबांचा हुकूम मोडावा तर कोर्स बंद, न मोडावा तर नापास. मॅडम यायच्या दिवशी सकाळी आबा तांदूळ घेऊन कामशेतला गेले, कस्तुराबाई ओढ्यावर. तिने पटकन बोर्ड उघडला, एकेक वायर तपासून जिथल्या तिथे जोडली, नव्या टिकल्या लावल्या. मोटर चालवून पाहिली. टाकी काठोकाठ भरली. दोघं परत आल्यावरही तिने कुणाला काही सांगितलं नाही. मॅडम येतील, स्वतःच बटणं दाबतील, जातील. कशाला सांगायचं?

मॅडम आल्या त्या घामाघूम होऊन. परक्या बाईसमोर घराची शोभा राहावी म्हणून आबा धुतलेली टोपी घालून पुढे झाले.

"बसा म्याडम. पंखा लावतो." आणि ऐटीत त्यांनी मोटारीचं बटण दाबलं.

"आबा, थांबा—"

पंखा ढिम्म. मागे मोटर घूं करून सुरू झाली.

"सरका, तुमाला येत न्हाई," कस्तुराबाई म्हणाल्या. "दिवा तरी लावते." त्यांनी मिक्सरचं बटण दाबलं. पाहुणीसाठी लाडू करायचे म्हणून भांड्यात सविताने केलेला दाण्याचा कूट होता. झाकण आजही नव्हतं. मॅडमचा चष्मा पांढरा झाला.

"आलं गं बया पुन्ना पानी!" बाहेरून झुंबरबाई ओरडल्या.

सविताने मेन स्विच बंद केला. मॅडमनी शांतपणे चष्मा पुसला, बोर्ड उघडायला लावला आणि बराच वेळ आत पाहिलं.

"एकही वायर चुकलेली नाही," त्या म्हणाल्या. "आणि या टिकल्या कुणाची कल्पना? सुंदर. सविता, तू पास. घरच्यांना मात्र पुन्हा परीक्षेला बसवावं लागेल."

आबांचा चेहरा उतरला. "कवा बदललंस?"

"सकाळी, आबा." सविताची मान खाली.

"आगं, येवढं पाठ केलं आमी! लय कष्टानं! आन् तू न विचारता बरूबर करून ठिवलंस?"

"मी न्हाई बाई आता नव्यानं शिकनार," कस्तुराबाईंनी खाली बैठकच मारली.

"म्याडम, तुमीच सांगा तिला," आबा म्हणाले, "हुतं तसं करून द्यायला."

"पण आबा, ते चूक होतं!"

"आसंल. पाठ हाय न्हवं?" बोर्डाला हात लावायचा नाही म्हणणाऱ्या आबांनी स्वतः स्क्रूड्रायव्हर उचलून सुनेच्या हातात दिला. "घे. हितं तुझ्याबिगर कुनाला येतंय?"

मॅडम हसू दाबत खिडकीबाहेर बघू लागल्या. सविताने डोळे टिपले, बोर्डाचे स्क्रू ओठांत धरले आणि स्टुलावर चढली. खाली कौमू बाहुली आणि टिकल्यांचं पाकीट घेऊन उभी होती. तिने आबांकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"आई, मग मी लावल्या होत्या त्या टिकल्या चूक होत्या, का बरोबर?"