बीर, वा!

नववीच्या पुस्तकातलं किण्वन धनराजसर एकवीस वर्षं शिकवत होते. साखर, पाणी, यीस्ट आणि थोडी ऊब, की झालं! फळ्यावर हे चार शब्द लिहून ते खडूचे हात झटकत आणि ह्यात अवघड ते काय, असं पोरांना विचारत. त्यामुळे स्वतःच्याच घरात, मोरीशेजारच्या कोठीत बीर करायची वेळ आली तेव्हा त्यांना भीती वाटली ती पोलिसांची आणि शेजाऱ्यांची. बीर जमेल की नाही ही शंका त्यांच्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

आता सरांबद्दल गैरसमज नको. ह्या माणसानं आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता. कमलनगरच्या व्यसनमुक्ती समितीचे ते अध्यक्ष. दोन ऑक्टोबरला बसस्टँडसमोर त्यांचं भाषण असे आणि पिणारी मंडळीही ते उभं राहून शेवटपर्यंत ऐकत, कारण त्या दिवशी दुकान बंद असे. असा माणूस बीर करायला बसला तो वडिलांसाठी.

वडील म्हणजे अप्पा, किशनराव, वय एक्याऐंशी. त्यांना लकवा मारला. बीदरच्या दवाखान्यात बारा दिवस काढून घरी आणलं तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं आणि वाचाही. फार दिवस उरलेले नाहीत, मागतील ते द्या, असं डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं. बापलेकांत तसं बोलणं कधी नव्हतंच. पाऊस, तुरीचा भाव, लाईटबिल, संपलं. निवृत्त झालो की निवांत बसू अप्पांजवळ, असं सर बरीच वर्षं मनाशी म्हणत आले होते. आता बसायला वेळ काढला तर अप्पांची जीभच गेलेली. सर खाटेजवळ गेले की अप्पा डावा हात उचलून त्यांचं तोंड चाचपत. कपाळ, नाक, मिशी. मग हात खाली पडे. अप्पा आपल्याला ओळखतही नाहीत, ह्या विचारानं सरांना जेवण जाईना.

आणि चौथ्या दिवशी अप्पा बोलले. खोलीच्या कोपऱ्याकडे हात केला आणि म्हणाले, "बीर..." मग एक मोठा श्वास, "...वा."

सरांनी बायकोला हाक मारली. पल्लवी पोळपाटावरून तशीच उठून आली. अप्पांनी पुन्हा तेच म्हटलं.

"आवं, मामा बीर मागायलेत," पल्लवी हळूच म्हणाली. "आन वर वा म्हणायलेत."

सरांनी तिला झटकून टाकलं. अप्पा आणि बीर? पण अप्पांचा हात कोपऱ्यावरून हलेना. त्या कोपऱ्यात काय, तर लोखंडी कपाट. कपाटामागं भिंत. भिंतीपलीकडे गल्ली, आणि नाकासमोर दोनशे पावलांवर वाईन शॉप! विज्ञानाच्या माणसानं मनात सरळ रेषा ओढली. लग्नाआधी अप्पा दोन वर्षं हैदराबादेत होते. तिथं त्यांनी काय केलं, कोण जाणे. जन्मात ज्यानं कुणाकडे काही मागितलं नाही, तो माणूस जाता जाता एक गोष्ट मागतोय, ह्या विचारानं सरांचे डोळे भरून आले. ती द्यायचीच, असं त्यांनी ठरवलं.

कमलनगरात विकत घेणं शक्यच नव्हतं. सर बीदरला गेले. डोक्याला मफलर, तोंडाला रुमाल. दुकानाच्या जाळीशी पोचतात तोच आतला माणूस उठून उभा राहिला. नमस्कार सर, मी किरणकुमार, नववी ब! विज्ञानात तुमच्यामुळं पास झालो! सरांनी त्याला बसस्टँडचा रस्ता विचारला. बसस्टँड समोरच दिसत होतं. किरणकुमारनं हाताला धरून रस्ता ओलांडून दिला आणि बसमध्ये जागासुद्धा पकडून दिली.

मग घरीच करायचं ठरलं. सरांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, ज्वारी भिजवून मोड आणले, वाळवून भरडली. कडवटपणासाठी लागणारी फुलं बीदरात कुणी ऐकलेलीसुद्धा नव्हती, म्हणून कडुनिंबाची पाच पानं टाकली. बेकरीतून यीस्ट आणलं. सगळं उकळलं, वीस लिटरच्या पाण्याच्या कॅनमध्ये ओतलं आणि वाफाळत्या पाण्यातच यीस्ट सोडलं. तीन दिवस सर कॅनला कान लावून बसले. एक बुडबुडा येईल तर शपथ. चौथ्या दिवशी त्यांना आठवलं की जास्त उष्णतेनं यीस्ट मरतं, आणि हेच न लिहिल्याबद्दल आपण आजवर कित्येक पोरांचे मार्क कापलेत.

दुसऱ्या वेळी त्यांनी पाणी निववलं आणि मागची कसर म्हणून यीस्ट चौपट घातलं. दुपारी कॅनचं झाकण उडून आढ्याला लागलं आणि फेस कोठीभर झाला. वास इतका सुटला की शेजारच्या शरणम्मा, गटारीत काय मेलं ते बघायला आल्या. सरांनी गांडूळखत म्हणून सांगितलं. शरणम्मांनी तुळशीसाठी एक बादली मागून नेली. तुळस चार दिवसांत वाळली, आणि तेव्हापासून त्या सरांशी बोलेनाशा झाल्या.

अप्पा मात्र रोज मागत होते. हात कोपऱ्याकडे, आणि "बीर... वा." कधी कधी डोळ्यांतून पाणी. सर त्यांचा हात धरून सांगत, "अप्पा, व्हायलंय. दोन रोज दम धरा." पाहुणा आला की सर टीव्ही मोठा करीत आणि खाटेजवळ कुणालाही फार वेळ बसू देत नसत. अध्यक्षांचे वडील बीर मागतात हे गावात झालं असतं तर!

तिसरी खेप चांगली उतरली. आता फक्त गॅस भरायचा होता. त्यासाठी बाटलीत चिमूटभर गूळ टाका, असं व्हिडिओत होतं. सरांनी अंदाजानं लिंबाएवढा टाकला, बुचं तारेनं आवळली आणि आठ बाटल्या अप्पांच्याच खाटेखाली, अंधाराला, ठेवल्या.

त्याच आठवड्यात शिवकन्याआत्या आल्या. अप्पांची एकुलती धाकटी बहीण, गुडघ्यानं अधू, नारायणखेडहून दोन गाड्या बदलून आलेल्या. भावाच्या उशाशी बसून त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. अप्पांचा चेहरा उजळला. हात उचलला, कोपऱ्याकडे केला आणि ओठ जुळवले. "बी..."

आणि खाटेखाली पहिली बाटली फुटली!

मग दुसरी. मग एकदम तीन. आत्या किंचाळल्या, पल्लवी धावली, अप्पांची खाट हलली. सर ओरडत होते, फटाके हायत, लग्नाचे! खाटेखालून पिवळा फेस वाहत आत्यांच्या पायाशी आला. सरांनी त्यांना अक्षरशः उचलून बाहेर नेलं, अप्पांच्या औषधाचा काढा फुटला म्हणून सांगितलं, आणि रिकाम्या पोटी जीपमध्ये बसवून दिलं. जीप सुटेपर्यंत आत्या खिडकीतून म्हणत होत्या, की अण्णा मला काहीतरी सांगायला लागला होता रे. सर म्हणाले, काही नाही, तसंच करतात ते.

चौथ्या खेपेला सगळं जमलं. रंग गढूळ, वास बरा, फेस बोटभर. सरांनी दार लावून घेतलं, अप्पांना टेकून बसवलं आणि चमच्यानं पाजलं. अप्पांचं तोंड एकदम वाकडं झालं. त्यांनी डोळे घट्ट मिटले, गिळलं आणि थोड्या वेळानं म्हणाले, "बीर... वा."

सरांना रडू कोसळलं. जमलं होतं! अप्पांनी वा म्हटलं होतं! एकवीस वर्षांच्या नोकरीत कुणी दिली नसेल अशी शाबासकी होती ती. त्यांनी दुसरा चमचा भरला. अप्पांनी सरांचं तोंड चाचपलं, मिशीवर बोटं थांबली, आणि मग त्यांनी आपणहून तोंड उघडलं. त्यानंतर अकरा दिवस हाच क्रम. अप्पा म्हणत "बीर... वा," सर पाजत, अप्पा पीत. त्या अकरा दिवसांत सर अप्पांजवळ जेवढं बसले तेवढं जन्मात बसले नव्हते. बाराव्या दिवशी पहाटे अप्पा झोपेतच गेले. सरांना फार दुःख झालं, पण त्या दुःखाला एक समाधानही होतं, की शेवटचं मागणं आपण पुरं केलं.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर आत्या अप्पांच्या रिकाम्या खाटेवर बसल्या. आईचा एक फोटो अण्णाकडे होता, तो मिळाला तर बघ, म्हणाल्या.

"त्या बीरव्यात असंल बघ."

सर हातातला तांब्या घेऊन तसेच उभे राहिले. "कशात?"

"बीरव्यात रे. कपाटात. नारायणखेडला तेलुगू लोक कपाटाला बीरवाच म्हणत्यात. ल्हानपनी आमी आजोळीच वाढलो की तिथं. अण्णा हिकडं आल्यावर कपाट म्हणाया लागला. माझ्याशी बोलताना मात्र बीरवाच म्हणायचा."

सरांनी कपाट उघडलं. फोटो वरच्याच खणात होता. त्याच्याशेजारी बीदरच्या दवाखान्याची प्लास्टिकची पिशवी होती. स्कॅनच्या मशीनमध्ये नेताना अप्पांच्या अंगावरचं काढून नर्सनं ती सरांच्या हातात दिली होती, आणि हरवायला नको म्हणून सरांनीच ती घरी आल्या दिवशी, अप्पांना ऐकू जाईल असं सांगून, कुलपात ठेवली होती. आत अप्पांचं घड्याळ होतं, आणि जाड भिंगांचा चष्मा. पडून असलेल्या माणसाला चष्मा लागेल, हे त्या घरात कुणाला सुचलंच नव्हतं. अप्पांना तो नसला की हातभरावरचा माणूसही ओळखू येत नसे.

सर चष्मा हातात धरून खाली बसले. आत्यांना वाटलं, वडिलांची वस्तू बघून पोराला भरून आलं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"शेवटाला अण्णानं काय मागितलं का रे?"

"चष्मा मागितला, आत्या. दोन म्हैने मागायले व्हते."

"मग दिलास न्हवं?"

"न्हाई," सर म्हणाले. "बीर दिली."